सपाता

आमच्या पिढीतल्या बहुतेक मुलींची बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या एलायझाशी ओळख झाली ती मंजुळा म्हणून. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' रंगमंचावर आली, भक्ती बर्वे यांनी ती गाजवली आणि त्यानंतर एकपात्री स्पर्धांमध्ये मंजुळांचा नुसता सुळसुळाट झाला. त्यातली एक मीही. बक्षीस नाही मिळालं, घसा मात्र बसला.

शॉच्या 'पिग्मॅलियन'वरचा १९३८चा कृष्णधवल इंग्रजी चित्रपट कॉलेजात असताना पाहिला. दिग्दर्शन अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांचं; एलायझाला शुद्ध बोलायला शिकवणारा प्राध्यापक हिगिन्सही हॉवर्डच. हसून हसून पुरेवाट झाली ती चहाच्या प्रसंगाला. वेंडी हिलरची एलायझा बड्या घरच्या बायकांत ताठ बसते, एकेक अक्षर चिमट्यात धरल्यासारखं उच्चारते आणि त्याच सुरात सांगते, की मावशी इन्फ्लुएंझाने गेली म्हणतात, पण म्हातारीला संपवलंच असणार. उच्चार शंभर नंबरी, मजकूर गल्लीतला! चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

पुढे नोकरीत नवख्या मुलींना 'नीट बोलायला' शिकवायचं काम गळ्यात पडलं, तेव्हा दुसराच प्रसंग टोचायला लागला. हिगिन्स तिच्या तोंडात गोट्या कोंबून तिला बोलायला लावतो. एक गोटी ती गिळते. तर हा म्हणतो, काळजी नको, माझ्याकडे आणखी आहेत. शिकवणाऱ्याचा माज याहून थोडक्यात कुणी दाखवला असेल असं वाटत नाही.

शेवटाशी मात्र माझं कधीच जमलं नाही. एलायझा परत येते आणि हा पाठमोरा बसून सपाता कुठे आहेत म्हणून विचारतो. शॉला हे मुळीच मान्य नव्हतं. १९१४ साली लंडनला नाटक लागलं, तेव्हाही हिगिन्स झालेला बीरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं भिरकावायचा. शॉ इतका वैतागला, की पुढे त्याने लांबलचक उपसंहारच लिहून टाकला. चित्रपटासाठी त्याने लिहिलेला शेवटही बाजूला ठेवला गेला. आणि त्याच पटकथेला ऑस्कर!

तो उपसंहार अलीकडे पुन्हा वाचला. एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करून फुलांचं दुकान टाकते. धंद्यातलं दोघांनाही ओ की ठो कळत नाही, म्हणून ती दोघं वर्गांना जातात. तरी हिशेब जुळत नाहीत, हिगिन्सच्या मित्राला, कर्नल पिकरिंगला, पुन्हा पुन्हा खिशात हात घालावा लागतो. फुलांच्या जोडीला भाजी विकायला लागल्यावर कुठे दुकानाचा जम बसतो. यावर कोण निर्माता पैसे लावणार? मी मात्र तिकीट काढून गेले असते.