मशेरीचा वास

मला तंबाखूचा वास आवडतो. जैन घरातल्या बाईनं हे लिहावं का, असं कुणी विचारील. पण आवडतो खरा. सिगारेटचा नव्हे, तव्यावर भाजल्या जाणाऱ्या कोरड्या पानाचा. निखाऱ्यावर कणीस भाजताना येतो तसा खरपूस, आणि मागे जरासा कडवट धूर.

लग्न होऊन मी अफझलगंजला आले, तेव्हा सासूबाई दर आठवड्याला मशेरी भाजायच्या. पुरुषमंडळी दुकानात गेली की एक जुना लोखंडी तवा निघायचा. स्वयंपाकाला तो लावायचा नाही. पानं काळी होईतो परतायची, गार झाली की चुरून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. ठसका पार जिन्यापर्यंत जायचा. खालच्या बाई विचारायच्या, "अक्का, मिरच्या भाजताय का हो?" सासूबाई म्हणायच्या, "हो, मिरच्याच!"

मामंजींच्या पानातही तंबाखू असायची. पण तो जर्दा, तो चांदीच्या डबीतून बैठकीत पाहुण्यांसमोर फिरायचा. सासूबाईंची डबी मात्र पिठाच्या डब्यामागे.

एकदा अमेरिकेत राहणारे एक नातेवाईक आले होते. पाइप ओढणारे. त्यांनी तंबाखूची पिशवी उघडली आणि मी चमकलेच. तोच वास! सासूबाई म्हणाल्या, "अगं सूनबाई, ही तर मशेरीच की!" ते हसले. मग त्यांनी सांगितलं, की केंटकी आणि टेनेसीकडे पानं कोठारात टांगतात आणि खाली लाकूड धुमसत ठेवतात. कितीतरी दिवस धूर खाऊन पान काळपट होतं. सायप्रसकडच्या लटाकिया तंबाखूलाही असाच धूर देतात. मग कोणती कशात किती मिसळायची, याचा त्यांचा मोठा अभ्यास. आपण गोडा मसाला करताना दगडफूल किती घालायचं ते ठरवतो, तसाच.

तंबाखू मुळात अमेरिकेचीच. पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. अकबराच्या दरबारात ती असद बेगनं आपल्या दख्खनमधल्या विजापुराहून नेली, १६०४ च्या सुमारास, रत्नजडित नळीसकट. बादशहानं ओढली तर तो इतिहास. शेरलॉक होम्सनं पाइप ओढला, सत्यजित रायांच्या फेलूदानं आपल्या हैदराबादची चारमिनार ओढली, तर ती बुद्धिमान माणसाची लकब. आणि बाईनं कोपऱ्यात बसून दातांना मशेरी लावली, तर ते गावंढळ व्यसन!

पण म्हणून मी मशेरीची बाजू घेणार नाही. हिरड्यांना ती शौक आणि व्यसन वेगळं मोजत नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी सुमारे १०० ग्रॅम कमी वजनाची भरली. तोंडाच्या कॅन्सरचं तर सर्वांना ठाऊकच आहे.

सासूबाई दर चातुर्मासात नियम घेऊन मशेरी सोडायच्या. चार महिने बोटसुद्धा लावायच्या नाहीत. चातुर्मास संपला की तवा पुन्हा चुलीवर. पुढे ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आणि त्यांनी जन्माचा नियम घेतला. तवा भंगारात दिला.

महिन्याभरानं मी विचारलं, "आई, आठवण येते का हो?"

"मशेरीची नाही गं येत," त्या म्हणाल्या. "पण पहाटे उंबऱ्याशी दहा मिनिटं बसत होते ना, तेव्हा मला कुणी हाक मारायचं नाही. आता तोंड धुतलं की सरळ ओट्याशी."

घरात चौदा माणसं होती. त्यांत त्यांच्या हक्काची तेवढीच दहा मिनिटं, आणि तीही तंबाखूच्या आडोशानं मिळालेली.

दुसऱ्या दिवसापासून पहिला चहा मी करायला लागले. त्या उंबऱ्याशी बसायच्या, तोंडात एक लवंग. चट्टा हळूहळू गेला, बैठक राहिली.

तुमच्या घरात कुणी मशेरी लावत असेल, तर डबी जरूर सोडवा. पण डबी काढून घेताना तिची ती दहा मिनिटं काढून घेऊ नका.