हर्सूलच्या वाटेवर श्वानाची शिकवणी

छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून जळगावच्या दिशेने निघाले की हर्सूल लागते. एकेकाळचे हे स्वतंत्र गाव आता शहरात मिसळून गेले आहे. तरी हरसिद्धी मातेचे मंदिर, मध्यवर्ती कारागृहाची भिंत आणि खाम नदीवरचा तलाव यांनी त्याची ओळख राखली आहे. वाचकहो, आपल्यापैकी काही जण सकाळी या तलावाकडे फिरायला जात असाल, सोबत घरचा कुत्राही असेल. तोच कुत्रा अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या वृद्धाच्या भेटीला नेता येईल का, आणि नेण्यापूर्वी त्याला काय शिकवावे लागेल, याचा विचार या वाटेवरूनच करू.

ही कल्पना नवी नाही. दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांना लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबत देतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859-60च्या सुमारास परिचर्येवरील आपल्या पुस्तकात नोंदवले होते. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचा ‘जिंगल्स’ हा कुत्रा योगायोगाने उपचारकक्षात होता, आणि इतर कोणाशी न बोलणारे मूल त्याच्याकडे वळले. पुढे 1960च्या दशकात त्यांनी या अनुभवावर लेखन केले. आपल्या महाराष्ट्रात मुंबई-पुण्याकडे मीनल कविश्वर या मानसतज्ज्ञ आणि त्यांची ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ ही संस्था हे काम करीत आली आहे. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. प्रशिक्षित तज्ज्ञ ठरावीक उद्दिष्टाने जे करतात तो उपचार. आपण शेजारच्या आजोबांकडे कुत्रा घेऊन जातो ती केवळ भेट. भेटीचे मोल कमी नाही, पण तिला उपचार म्हणू नये.

निवड करताना मायेला थोडे बाजूला ठेवावे लागते. अमेरिकेतील ‘पेट पार्टनर्स’ ही संस्था भेटीला नेण्याचा कुत्रा किमान एक वर्षाचा आणि किमान सहा महिने त्याच घरात राहिलेला असावा, अशी अट घालते. ती आपणही पाळावी. जात महत्त्वाची नाही. मराठवाड्याचे ऊन सोसणारा, समंजस गावठी कुत्रा या कामाला उत्तम. उलट आनंदाने अंगावर उडी घेणारा प्रेमळ कुत्रा ऐंशी वर्षांच्या ठिसूळ हाडांना सर्वांत घातक ठरतो. चांगला कुत्रा आणि भेटीला योग्य कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेक पालकांना ऐकायला आवडत नाही.

पहिले धडे तलावाच्या परिसरात, गर्दी नसेल तेव्हा द्यावेत. ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’ हे तीन शब्द पुरे. पाण्याकाठचा बगळा उडाला तरी दोरी सैल राहिली आणि कुत्रा आपल्या तोंडाकडे पाहत राहिला, की लगेच खाऊचा तुकडा द्यावा. मारून शिकवलेला कुत्रा गप्प बसतो. शांत होत नाही. ‘सोड’ हा शब्द विशेष पक्का करावा, कारण आजाऱ्याच्या खोलीत गोळ्या खाली पडतात, आणि पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी माणसाची गोळी कुत्र्याला विषासमान ठरू शकते.

त्यानंतर गावाकडे वळावे. मंदिराच्या घंटेचा आवाज प्रथम दुरून ऐकवावा, कुत्रा निवांत राहिला तर दुसऱ्या दिवशी थोडे जवळ जावे. नवरात्रातली गर्दी आणि ढोल हा धडा नव्हे, तो छळ होईल. जळगाव रस्त्यावरचे ट्रक, कर्णकर्कश हॉर्न, गल्लीच्या तोंडाशी अंग ताठ करून उभे असलेले भटके कुत्रे, हे सारे असेच टप्प्याटप्प्याने दाखवावे. मेच्या उन्हात मात्र यातले काही करू नये. हाताची पालथी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याच्या तळव्यांनाही ते सोसणार नाही.

खरी परीक्षा घरातच घ्यावी. काठी जमिनीवर आपटून पाहावी, वॉकर खडखडवावा, कोणाला तरी मोठ्याने खोकायला सांगावे. थरथरत्या हाताने केस अचानक मुठीत धरले जातात, तेही अगदी हळुवारपणे सरावात आणावे. कुत्रा जांभई देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला किंवा त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर तो ‘पुरे’ म्हणत असतो. गुरगुरणे ही त्याच्यापुढची पायरी, आणि तिच्यापर्यंत पोहोचू देणे हा आपला निष्काळजीपणा.

आरोग्याबाबत तडजोड नको. रेबीजची लस वेळेवर दिलेली असावी आणि तिची नोंद सोबत ठेवावी; जंतांचे औषध व गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावा. भेटीपूर्वी आंघोळ घालावी, नखे कापून घासावीत. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ असते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर साधा ओरखडाही वाहत राहतो. कच्चे मांस खाणारा कुत्रा भेटीला नेऊ नये. ज्यांची केमोथेरपी चालू आहे, जखम उघडी आहे किंवा दमा आहे, त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे. दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लस घेतलेला घरचाच कुत्रा आहे, हे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

भेटीची परवानगी सुनेकडून किंवा मुलाकडून नव्हे, स्वतः आजाऱ्याकडून घ्यावी. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबासोबतही कुत्रा असतो. तरी घरात, देवघराजवळ किंवा नमाजाच्या जागेजवळ कुत्रा नको असे अनेकांना वाटते. त्यांच्या मताचा मान राखून अंगणात किंवा दाराशीच बसावे. अर्धांगवायू असेल तर चांगल्या हाताच्या बाजूला कुत्रा बसवावा, लघवीची नळी कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे. दोरी आपल्या हातातून सुटू देऊ नये. पहिली भेट दहा मिनिटांची पुरे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी आपल्या कुत्र्याला लहानपणीच्या मोत्याच्या नावाने हाक मारतील. त्यांना दुरुस्त करण्याची गरज नाही, तो त्या नावालाही शेपटी हलवेल. निघताना सर्वांचे हात साबणाने धुवावेत.

आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीला कुत्रा उंबरठ्यापाशीच आडवा पडला, उठेना, तर ओढू नका. आत फक्त आपण जा, आजोबांना सांगा की आज त्याचे मन नाही. परतीच्या वाटेवर त्याला हवे तेवढे हुंगू द्या.