ताऱ्यांमागून फिरणारी फळी

गेल्या नाताळच्या सुटींत मामांनीं आपला कॅमेरा आठ दिवसांच्या बोलीनें मजकडे दिला. त्यांपैकीं चार रात्री मीं वायां घालविल्या, त्याची ही हकीकत आहे.

ताऱ्यांचें छायाचित्र घेण्यास कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. परंतु तेवढ्या वेळांत पृथ्वी कांहीं स्वस्थ बसत नाहीं. ती २३ तास ५६ मिनिटांत आपणाभोंवतीं एक फेरा पुरा करिते, व ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगांतूनहि दहाएक सेकंदांत ताऱ्यांच्या रेघा होऊं लागतात. यावर १९७५ सालीं हेग नांवाच्या गृहस्थांनीं ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकांत एक स्वस्त उपाय सांगितला. दोन फळ्या बिजागरीनें जोडावयाच्या, बिजागरीचा आंस ध्रुवाकडे रोंखावयाचा, आणि कॅमेऱ्याची फळी स्क्रूनें इतक्या सावकाश उचलावयाची कीं, पृथ्वी पूर्वेस वळेल तितकाच कॅमेरा पश्चिमेस वळावा. मूळ युक्तींत स्क्रू हातानें फिरवीत. मीं त्यास लहानशी स्टेपर मोटर लाविली.

यांतील गणितानें मला वेड लाविलें. ज्याच्या दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर आहे असा स्क्रू मिनिटास एक फेरा घेणार असेल, तर तो बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरांवर हवा. माझे वडील सुतार आहेत. त्यांनीं दोनदां “दाखीव पाहूं” म्हटलें. “हें गणिताचें काम आहे, दारेंखिडक्यांचें नव्हे,” असें मीं उत्तर दिलें. ते कांहीं बोलले नाहींत.

आमचें गांव पुण्याजवळ. येथें ध्रुव क्षितिजापासून अवघा साडेअठरा अंश वर असतो, व धुरळ्यांत तो हुडकण्यासच अर्धा तास जाई. एवढें करूनहि चित्रांत तारे जोंधळ्याच्या जोड दाण्यांसारखे उमटत. मीं मोटरचा वेग बदलला, स्क्रू अर्धा मिलिमीटर सरकविला, पुन्हां ध्रुव साधला. दाणे जोडचे जोडच. चौथ्या रात्रीं मीं अंगणांत यंत्र तसेंच टाकून ओट्यावर बसलों.

वडील उठून आले. त्यांनीं मोटर सोडविण्यास सांगितलें, डोळे मिटले, व वरची फळी एका बोटानें उचलली आणि ठेवली. असें तीनदां केलें.

“अरे, मध्यें अडखळते आहे. तुझ्या दोन बिजागऱ्या एका रेषेंत नाहींत. अर्ध्या सुताचा फरक आहे. दाराला हें चालतें. दार माणूस ओढून घेतो.”

दुसरे दिवशीं त्यांनीं जुन्या पेटीच्या झांकणाची लांब, सलग बिजागरी काढून, घांसून, माझ्या फळ्यांस बसविली. मीं स्क्रूड्रायव्हर धरून जवळ उभा होतों; मला तो वापरावा लागला नाहीं.

त्या रात्रीं मृग नक्षत्रावर कॅमेरा दोन मिनिटें उघडा ठेविला. तारे टिंबांसारखे उमटले, व मृगांतील तीन ताऱ्यांच्या बाणाखालीं तो तेजोमेघ गुलाबी डागासारखा दिसला. त्याचा प्रकाश येथें पोंचण्यास सुमारें १,३०० वर्षें लागतात, हें मीं वडिलांस सांगितलें. ते पडद्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले.

“स्क्रूला तेल घातलेंस का?” त्यांनीं विचारलें.

घातलें नव्हतें.