कृष्णाकाठची तुटलेली वाट

वाईचा ढोल्या गणपती पाहताना देवळाच्या मागेही जावे. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नदी येणारच, हे धरून केलेले बांधकाम!

वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर पाळीपाळीने होतो; अफजलखानाच्या स्वारीत बोललेल्या नवसाशी त्याचे नाते सांगतात. घाट संपले की मात्र काठावरची वाटही संपते. ऊस थेट पाण्याला भिडलेला, कुठे तारेचे कुंपण, कुठे उपशाचे पाइप. नाइलाजाने डांबरी रस्ता धरला की कृष्णा दिसेनाशी होते.

ती पुन्हा भेटते संगम माहुलीला, वेण्णेला पोटाशी घेताना. पंतप्रतिनिधींनी उभारलेली दगडी देवळे, सातारच्या राजघराण्याच्या समाध्या आणि रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. पुढे पुन्हा रस्ता. कराडला कोयना समोरून येऊन भिडते. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सांगली जिल्ह्यात शिरल्यावर बहे येथे नदीतल्या बेटावर रामलिंग आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. मग औदुंबरचा दत्त, पैलतीरी भुवनेश्वरी. एका नदीची ही गावे आपण गाडीने सुटी सुटी पाहतो, याचे मला फार वाईट वाटते.

वेल्सने २०१२ मध्ये आपल्या समुद्रकिनाऱ्यालगत सुमारे १४०० किलोमीटरची सलग पायवाट सर्वांना खुली केली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील अशाच वाटेसाठी २००९ मध्ये कायदाच झाला. आपल्याकडे तर नर्मदेची परिक्रमा काठच्या गावांच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मग वाई ते हरिपूर, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथवर काठाने का चालता येऊ नये?

शेतकऱ्याची जमीन हिसकावून नव्हे. त्याच्या संमतीने, योग्य मोबदला देऊन, बांधावरून माणूस जाईल एवढी वाट आणि ओढ्यांवर साकव पुरेत. काँक्रीटचा पट्टा अजिबात नको. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. वाट अशी हवी की पाण्याखाली जाईल आणि पूर ओसरल्यावर गावकरीच ती नीट करतील.

वाई ते माहुली हा टप्पा आधी घ्यावा. काठच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.