चांगला पत्रा लागेपर्यंत

डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली साधारण साडेतीनशे मीटरवर, मिठाची खाण आहे. शंभर वर्षांहून जुनी. तिथलं मीठ रस्त्यावर पडतं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून ट्रकच्या ट्रक भरून ते पसरतात. पाण्यात मीठ मिसळलं की ते वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे लोखंड खाण्याचा वेग वाढतो. म्हणजे ज्या शहराने जगाला गाड्या दिल्या, त्याच्याच पायाखाली गाड्या खाणारा माल भरलेला आहे. मिशिगनमध्ये जुनी गाडी बघायला गेलेला जाणता माणूस बॉनेट नंतर उघडतो. आधी गुडघ्यावर बसतो आणि गाडीच्या खाली बघतो.

हे मला माझ्या घरमालकांनी शिकवलं. त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला आहे. खाली गॅरेज आहे आणि गॅरेजमध्ये १९६७ ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक. वय शहात्तर, म्हणजे मालकांचं. अमेरिकन पद्धतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावानेच हाक मारतो, पण फोनवर आईशी बोलताना ते ‘मालक’च असतात. गेले दोन हिवाळे बहुतेक शनिवार आम्ही त्या गाडीच्या पत्र्यावर काढले आहेत.

मसल कार म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. मध्यम आकाराच्या, खिशाला परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही टूम जोरात आली. मस्टँगला कट्टर लोक मसल कार म्हणत नाहीत, ‘पोनी कार’ म्हणतात. पण १९६७ साली फोर्डने मस्टँगची रुंदी वाढवून तिच्यात ३९० घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन मावेल अशी सोय केली. मालकांच्या गाडीत तेच आहे, त्यामुळे आमच्या गॅरेजपुरता हा वाद मिटलेला आहे.

तिच्या नंबराची सुरुवात ‘७एफ०२एस’ अशी होते. ७ म्हणजे १९६७, ०२ म्हणजे फास्टबॅक, एस म्हणजे ३९० इंजिन. आणि एफ म्हणजे डिअरबॉर्न. रूज नदीकाठचा तो प्रचंड कारखाना, जिथे एका टोकाला बोटीतून लोहखनिज उतरायचं आणि दुसऱ्या टोकाने गाडी बाहेर पडायची. २००४ पर्यंत तिथे मस्टँग बनत होती. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. या गाडीने जन्मल्यापासून तेवढाच प्रवास केलाय म्हटलं तरी चालेल, आणि सगळा मिठातून.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. ट्रकसारखा खाली सांगाडा आणि वर डबा, असा प्रकार नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्डने जोडून जो आकार होतो, तोच सांगाडा. त्यामुळे इथे बॉडीचं काम नुसतं शोभेचं नसतं. तळाचा पत्रा गेला की गाडीचं हाडच गेलं.

पहिलं काम निदानाचं. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी या गाड्यांना जाळीसारख्या फटी असतात. त्यातून बाहेरची हवा आत येते आणि पाणी बाजूने वाहून जातं, अशी रचना. पण आतली पोकळी बंद असते, तिथे हात पोचत नाही आणि पाला साचून राहतो. ओला पाला वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटून बसतो. मालकांनी मला आत पाय ठेवायच्या जागेत टॉर्च घेऊन झोपवलं आणि वरून फटींमध्ये बादलीभर पाणी ओतलं. माझ्या कपाळावर धार लागली. ‘उजवीकडे की डावीकडे?’ ते वरून ओरडले. दोन्हीकडे.

मग रंग काढायला घेतला. वर लाल, त्याखाली करडा प्रायमर, मग एक पांढरा आणि सगळ्यात खाली निळा. दाराच्या पाटीवरच्या कोडप्रमाणे तोच कारखान्याचा मूळ रंग. मागच्या चाकाच्या कमानीवर मात्र निळा लागेचना. लोहचुंबक लावून पाहिला, तर चिकटेना. तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी होती. काही ठिकाणी बोटभर जाड.

पुट्टीला वाईट म्हणायचं कारण नाही. इकडे ती ‘बॉन्डो’ नावाने ओळखली जाते. पॉलिएस्टर रेझिन आणि टाल्कची भुकटी. त्यात हार्डनर मिसळला की काही मिनिटांत घट्ट होते. दोन-तीन मिलिमीटरच्या थरात, चांगल्या पत्र्यावरच्या किरकोळ खळग्यांसाठी ती उत्तम. पण कुणीतरी कधीतरी गंजलेल्या भोकात जाळी कोंबून वरून पुट्टी लिंपली होती. आतून ओल येत राहिली, वरून लाल रंग चमकत राहिला. आपल्याकडेही डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात हे होतं. गिऱ्हाईक ‘परवा गाडी हवी’ म्हणतं आणि मिस्त्री परवा देतो. गंज मात्र परवाच्या हिशेबाने चालत नाही.

यावर उपाय एकच. कापणं. कुठपर्यंत? मालकांचं उत्तर ठरलेलं आहे: चांगला पत्रा लागेपर्यंत. ते दाभणासारखं टोकदार हत्यार घेऊन टोचत जातात. टोक आत गेलं की पुढे. कातडी चांगली दिसते तिथेही टोचतात, कारण गंज आतून बाहेर येतो. वर फोड दिसतो तेव्हा आतलं काम उरकलेलं असतं. खडूने रेघ मारतात, मी ग्राइंडरने कापतो. पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी गॅरेजमध्ये गाडीपेक्षा भोकंच जास्त आहेत असं वाटत होतं.

आणि इथे एक खरा प्रश्न उभा राहिला. १९६७ च्या मस्टँगची अख्खी बॉडी आज नवीन विकत मिळते. फोर्डच्या परवान्याने बनवलेली, कोरी, गंजाचा ठिपका नसलेली. इंजिन, काचा, सीट काढून तिच्यात बसवली की झालं. मालकांच्या मुलाने फोनवर हेच सुचवलं आणि त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. आमच्या दोन हिवाळ्यांच्या तासांना किंमत लावली तर नवी बॉडीच स्वस्त पडेल. मलाही तो मुद्दा पटत होता.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही याच गाडीचं आहे. ‘बुलिट’ या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात सदतीस लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. तिचा रंग उडालेला होता, गंज दिसत होता, आणि तो मुद्दाम तसाच ठेवला होता. पण ते भाग्य सिनेमात गेलेल्या गाडीचं. एका कामगाराने पगारातून घेऊन कामावर नेलेल्या गाडीच्या गंजाला कोणी पैसे देत नाही. तिच्यापुढे दोनच वाटा असतात, दुरुस्ती किंवा भंगार.

मालकांनी मुलाशी वाद घातला नाही. त्यांनी छताचा आणि मागच्या पॅनेलचा जोड मला दाखवला. तिथे कारखान्याने शिसं भरलेलं आहे. त्या काळी दोन पत्र्यांचा जोड दिसू नये म्हणून त्यावर शिसं-कथलाचा मिश्रधातू चढवत, लाकडी थापीने तो लोण्यासारखा पसरवत आणि कानशीने घासून एकसंध करत. ‘हे कुणीतरी हाताने केलंय,’ ते म्हणाले. ‘रूजमध्ये. पाळीवरच्या कुठल्यातरी माणसाने. हे टाकायचं आणि छापातून निघालेलं आणायचं?’ ते स्वतः एकतीस वर्षं एका गाडीच्या कारखान्यात, बॉडीच्या विभागात होते. त्यामुळे हा युक्तिवाद नव्हता, जात्याची बाजू होती. मी पुन्हा नव्या बॉडीचं नाव काढलं नाही.

त्या जोडाचा वीतभर भाग आम्हाला नव्याने करावा लागला. शिसं थेट लोखंडावर बसत नाही. आधी पत्रा तापवून, फ्लक्स लावून त्यावर कथलाचा पातळ थर द्यावा लागतो आणि तो फडक्याने पुसत पसरावा लागतो. मी बघताक्षणी म्हणालो, ही तर कल्हई! मग त्यांना पितळी भांडं, भाता, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील, हे सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग तो माणूस आता काय करतो?’ आमच्या गल्लीत तो येणं बंद झाल्याला बरीच वर्षं झाली, एवढंच मला सांगता आलं.

नव्या ठिगळाचं वेल्डिंग मात्र संयमाची परीक्षा असते. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. सलग वेल्ड ओढला तर उष्णतेने तो फुगतो, गार होताना आकसतो आणि सपाट पॅनेलचा पापड होतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पार पलीकडे. मध्ये थांबायचं. हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. मग दोन टाक्यांच्या मधोमध पुढचा टाका. फूटभर जोडाला अख्खी दुपार जाते. दुकानात या थांबण्याचे पैसे कोण देणार? घरी करण्याचा खरा फायदा हाच. तुमचं थांबणं फुकट असतं.

ठिगळ बसलं, वेल्ड घासला, पुट्टीचा पातळ हात दिला, की उरतं ते घासणं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, प्रायमर, मग ३२०. लांब लाकडी ठोकळ्याला कागद लावून तिरकं घासायचं. त्याआधी काळ्या भुकटीचा थर देतात. उंच जागेवरची भुकटी निघते, खळग्यातली राहते. पण भुकटीच्या आधी आणि नंतरही शेवटचा निकाल तळहात देतो. पत्र्यावर पातळ सुती कापड ठेवायचं, त्यावर पंजा पसरून सावकाश, लांब फिरवायचा. डोळ्याला सपाट दिसणारी जागा हाताखाली लाटेसारखी हलते.

मालकांना हे जमत नाही. जमत होतं, आता जमत नाही. तीन दशकं हवेवर चालणारी, थरथरणारी हत्यारं हाताळून त्यांच्या बोटांची संवेदना गेली आहे. थंडीत बोटं पांढरी पडतात. शर्टाची बटणं लावायलाही वेळ लागतो. काय शोधायचं ते त्यांना पक्कं माहीत आहे, पण त्यांच्या हाताला ते सापडत नाही. माझा दिवसभर कीबोर्डवर राहिलेला हात मऊ आहे, पण त्याला काही कळत नव्हतं. पहिले कित्येक शनिवार ते विचारायचे, ‘हात काय म्हणतो?’ आणि मी सांगायचो, ‘सपाट आहे.’ ते माझं मनगट धरून पुन्हा त्याच वाटेने न्यायचे. ‘इथे. आता?’ एका दुपारी, मागच्या कमानीच्या वर, माझ्या करंगळीखालून काहीतरी सरकलं. काही कागद एकावर एक ठेवले तर होईल एवढा खळगा. मी थांबलो. ते काही न बोलता पेन्सिल घेऊन आले.

तेव्हापासून ही गाडी संपवायची घाई मला त्यांच्याइतकीच आहे. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा, हा नियम आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. मालकांची पाठ आणि बोटं यांच्यापुढेही असाच काहीतरी मुदतीचा कागद आहे, फक्त त्यावर तारीख नाही. अर्धी उघडलेली गाडी ही सगळ्यात निरुपयोगी वस्तू. ती भंगारवाल्यालाही धड नको असते. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. मालक तिचं नाव काढत नाहीत, पण गॅरेजमधल्या कॅलेंडरचं पान ऑगस्टवर उघडून ठेवलेलं आहे.

शेवटचा रंग आम्ही घरी मारणार नाही. आजच्या दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट असतात. त्यांची वाफ फुफ्फुसांना कायमची इजा करू शकते, आणि साध्या मास्कने भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शिवाय वर माझं स्वयंपाकघर आहे. ते काम दुकानात होईल, निळ्या रंगात.

डिकीच्या आत मात्र आमच्या ठिगळाची शिवण मालकांनी घासू दिली नाही. बाहेरून जोड सापडणार नाही, पण आतून टाक्यांची ओळ स्वच्छ दिसते. मी ग्राइंडर उचलला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. ‘पुढच्या माणसाला कळू दे, इथे काय झालंय.’ आमच्या धंद्यात यासाठी कोडमध्ये कमेंट लिहायची पद्धत आहे, आणि डेडलाइन आली की सगळ्यात आधी तीच वगळली जाते. आम्ही त्या शिवणीवर एपॉक्सी प्रायमरचा हात दिला, म्हणजे ती दिसेल पण गंजणार नाही. आता उजवं दार तेवढं घासायचं राहिलं आहे. खालच्या कडेपासून चार बोटं वर अजून एक लाट आहे. पेन्सिलची खूण या वेळी मीच केली.