खोळ जुनी, कापूस नवा

दुरुस्तीच्या क्रियापदांच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. भांड्याला कल्हई लावतात, फुटक्या घागरीला डाग देतात, गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावतात, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात, बोथटलेली कुऱ्हाड लोहाराकडून शेवटून आणतात, विरलेल्या कापडाला रफू करतात, गादी पिंजून भरतात. यांपैकी एकाही ठिकाणी 'दुरुस्त करणे' असे सरसकट क्रियापद वापरावे लागत नाही. वस्तू काय आहे, ती कुठे झिजली आहे आणि कारागीर तिच्यावर कोणता हात चालवणार आहे, हे सारे एका क्रियापदात येऊन बसते. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक निवृत्त, एक निवृत्तीच्या उंबरठ्यावर. सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, फलटण या तालुक्यांत फिरून गेली अनेक वर्षे आम्ही ही क्रियापदे गोळा करत आहोत. या लेखाचा विषय मात्र तो कोश नव्हे. तो ज्या लॅपटॉपमध्ये आहे, त्याच्या बॅटरीविषयी लिहायचे आहे.

हा लॅपटॉप २००७ साली घेतलेला. तेव्हा मराठी टंकन म्हणजे युनिकोडपूर्व फाँट, आणि त्या फाँटचे सॉफ्टवेअर चालवण्यासाठी यंत्रामागे खोचायची एक कुलूपवजा डबी, असा प्रकार होता. त्या फाँटमधील मजकूर आजच्या संगणकावर उघडला तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा दिसतो. तो युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, आम्ही ती वापरतोही. पण रफार, जोडाक्षरे आणि आम्ही बोलीतल्या उच्चारांसाठी योजलेल्या खुणा त्यांत हमखास गळतात. त्यामुळे प्रत्येक नोंद मूळ पडद्यावर पाहूनच पक्की करावी लागते. शिवाय आमचा नियम असा, की शंका आलेली नोंद ज्याने शब्द दिला त्याच्यासमोर बसून वाचून दाखवायची. हे समोर बसणे कधी बांधावर असते, कधी देवळाच्या पायरीवर, कधी बंद पडलेल्या भात्याशेजारी. तिथे भिंतीतले 'सॉकेट' नसते. शब्द देणाऱ्यांपैकी कितीतरी जण आता नाहीत. जे आहेत त्यांतले बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढे. बॅटरी चार मिनिटांत मान टाकू लागली तेव्हा आम्हांला यंत्राची चिंता नव्हती. या माणसांपुढे बसण्याचे दिवस आपल्या हातून निसटत आहेत, ही ती चिंता होती.

मार्ग तीन होते. पहिला, मूळ कंपनीची बॅटरी. ती बनणे केव्हाच थांबले आहे. कुठे एखादी खोक्यात बंद असलेली मिळाली, तरी लिथियम-आयन रसायन न वापरताही जुने होते. दहा-बारा वर्षे कपाटात पडलेली 'नवी' बॅटरी ही नवी नसतेच. दुसरा मार्ग, 'या मॉडेलला चालेल' अशी चिठ्ठी लावलेली निनावी बॅटरी. तिच्या पोटात काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. तिसरा मार्ग, आपलीच जुनी बॅटरी कुणा जाणकाराकडून पुन्हा बांधून घेणे. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात विचारत विचारत गेल्यावर आम्हांला असे एक जाणकार भेटले. पोटमाळ्यावरची आठ फुटांची खोली, एक टेबल, भिंग लावलेला दिवा. त्यांनी बॅटरी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "भरून देऊ सर. पण मॅडम, घाई नको."

'भरून देऊ.' आमच्या कोशात 'भरणे'चा हा अर्थ नव्हता, पण कानाला तो अजिबात परका वाटला नाही. पिंजारी गादी भरून देतो, तोच हा प्रयोग: खोळ तुमची, आतला माल नवा.

ही खोळ मात्र उसवत नाही. प्लॅस्टिकचे दोन भाग कारखान्यात कायमचे सांधलेले असतात. कडेच्या सांध्यावर पातळ पाते ठेवून, तसूतसूने पुढे सरकत, आतल्या सेलला पाते लागू न देता ते उघडावे लागते. अर्धा तास तेवढ्यालाच गेला. आत सहा नळकांडी होती. तिला '१८६५०' म्हणतात; व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचे शून्य गोल आकाराचे. अशा दोन-दोन नळकांड्यांच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या. एका सेलचा दाब ३.६ व्होल्ट धरला तर तीन जोड्यांचा १०.८ होतो, बॅटरीवर छापलेला आकडा तोच. कारागिरांनी तिन्ही जोड्या मोजल्या. दोन साडेतीन व्होल्टच्या वर होत्या. तिसरी एका व्होल्टच्याही खाली गेली होती.

म्हणजे सहांपैकी चार सेल बऱ्यापैकी जिवंत होते, आणि तरी बॅटरी मेली होती. एकापुढे एक जोडलेल्यांत सर्वांत दुबळ्याचे बळ तेच सगळ्यांचे बळ. 'मग दोनच बदला' असे सुचवणे स्वाभाविक होते, आणि आम्ही ते सुचवले. त्यांनी ठाम नकार दिला. जुना सेल लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. नव्याला तेवढाच वेळ अपुरा पडतो. त्यामुळे नवा कधी पुरता वापरला जात नाही आणि जुना प्रत्येक वेळी मर्यादेच्या टोकाला ढकलला जातो. सहाही सेल एकाच जातीचे, एकाच घाण्यातले, मोजून सारखे निघालेले हवेत. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात धंद्याची चलाखी नव्हती. दोन सेलचे पैसे घेऊन आम्हांला वाटेला लावणे त्यांना सहज जमले असते.

सेलच्या बाजारातही पाठभेद पुष्कळ आहेत. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास संपते. बाजारात ९,९०० छापलेले सेल राजरोस मिळतात. त्यांची परीक्षा कारागिरांनी आमच्यासमोर साध्या सराफी काट्यावर केली. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. तो ९,९०० वाला त्याहून कितीतरी हलका निघाला. वेष्टनावरच्या शब्दांपेक्षा वजनावर विश्वास ठेवावा, हे आम्ही समीक्षेच्या वर्गात निराळ्या संदर्भात सांगत आलो आहोत. आमच्यासाठी त्यांनी २,६०० क्षमतेचे सहा सेल निवडले. दोन-दोनच्या जोडीने ५,२०० होतात, मूळ बॅटरीवर छापले होते तितकेच. जास्त क्षमतेचे का नकोत, असे विचारल्यावर म्हणाले, "मूळच्या हिशोबात बसेल तेच घालायचं. आपली हौस आत भरायची नाही."

आमच्या कोशात 'डाग देणे' आहे. तांबट किंवा कासार तापलेल्या धातूने भेग बुजवतो ते. सेल एकमेकांना जोडताना हा डाग चालत नाही. कावियाची उष्णता सेलच्या टोकातून आत उतरते आणि आतल्या दोन पत्र्यांना वेगळे ठेवणाऱ्या पातळ पडद्याला इजा करते. म्हणून निकेलची पट्टी ठेवून दोन टोकदार कांड्यांमधून क्षणभर मोठा प्रवाह सोडतात. टच्‌कन आवाज येतो, दोन ठिपके उमटतात, पट्टी बसते. सेलच्या धन टोकाभोवती कागदाचे छोटे कडे घालतात. ते विसरले तर एखाद्या दिवशी पट्टी सेलच्या अंगाला टेकून आग लागू शकते. आगीची भीती काल्पनिक नाही. २००६ साली डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या; सेल बनवताना आत राहिलेले धातूचे सूक्ष्म कण त्याला कारण ठरले होते. अद्ययावत कारखान्यात असे घडते, तर पोटमाळ्यावर काय काळजी घ्यावी लागेल! ज्यांना हे घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन करून पाहावेसे वाटते त्यांना आमची हात जोडून विनंती आहे, की करू नका.

इथवर गोष्ट गादीसारखीच आहे. पुढे मात्र गादीची उपमा संपते. गादीच्या खोळीला आपल्यात पूर्वी कोणता कापूस होता हे आठवत नाही; बॅटरीच्या खोळीला आठवते. आत एक छोटा फलक असतो आणि त्यावर एक चिप. किती वीज आत आली, किती बाहेर गेली, मूळ क्षमता किती होती, आता किती उरली, किती वेळा भरली-रिकामी झाली, हा सारा जमाखर्च ती वर्षानुवर्षे लिहीत असते. एखादी जोडी धोक्याच्या पातळीखाली गेली की अनेक चिपा कायमची मोहोर उठवतात: ही बॅटरी संपली. त्यानंतर आत सहा ताजे सेल घातले तरी चिप आपल्या वहीत पाहते आणि लॅपटॉपला सांगते, की आमच्याकडे काही नाही. सेल बदलण्याचे काम एका दुपारचे होते. ही स्मृती नव्याने लिहिण्याचे काम दोन दिवस चालले. जुने सेल सोडवताना चिपला मिळणारा दाब तुटू नये म्हणून आधी बाहेरून आधार द्यावा लागला. मग ती संगणकाला जोडून तिच्यातले आकडे बदलावे लागले. अनेक दुकानांत भरलेल्या बॅटऱ्या आठवड्यात परत येतात त्या याच पायरीवर अडून.

आम्हांला इथे एक गोष्ट बोचली आणि ती आम्ही बोलून दाखवली. चिपमधली आवर्तनांची संख्या त्यांनी शून्य केली होती. ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच, कारण सेल नवे होते. पण बाहेरून पाहणाऱ्याला ही बॅटरी आता कोरी करकरीत, २००७ च्या कारखान्यातून आजच निघालेली दिसणार! पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हे खटकल्याशिवाय राहणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा आपण हे केले, केव्हा केले, हे ग्रंथाच्या शेवटी ओव्यांतच नोंदवून ठेवले. म्हणून आज आपल्याला नाथांच्या आधीची आणि नंतरची परंपरा वेगळी ओळखता येते. हल्ली 'सुधारित आवृत्ती' म्हणून निघणाऱ्या कितीतरी पुस्तकांत काय सुधारले याचा एका ओळीनेही पत्ता नसतो, हे जाता जाता.

आम्ही कारागिरांना म्हटले, की तारीख, सेलची जात, क्षमता आणि तुमचे नाव एका कागदावर लिहून आत चिकटवा, आणि तीच चिठ्ठी बाहेरही लावा. ते थोडे हसले. "असं कुणी मागत नाही. लोकांना ती नवीन दिसायला हवी असते." पण त्यांनी लिहिले, वळणदार, शाळेत घोटलेल्या अक्षरांत. आतली चिठ्ठी आता पुढचा कुणी खोळ उघडेल तेव्हाच दिसेल. एकूण अडीच हजार रुपये झाले. जुन्या सेलची टोके चिकटपट्टीने बंद करून ते आम्ही परत घेतले आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात दिले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत लिथियमच्या बॅटऱ्याही येतात, आणि बॅटरी बाजारात आणणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. चार बरे सेल विजेरीसाठी मागणारा एक मुलगा तिथेच जिन्यावर उभा होता. दुबळ्या जोडीबरोबर इतकी वर्षे जुंपलेले सेल त्याच्या हाती द्यायला आमचे मन धजले नाही.

आजच्या लॅपटॉपांवर हा प्रयोग क्वचितच होतो. त्यांत गोल नळकांड्यांऐवजी चपट्या पिशव्या असतात, त्या आतच बसवलेल्या आणि पुष्कळदा डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेल्या. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यावी, अशी अट १८ फेब्रुवारी २०२७ पासूनची घातली आहे. आपल्याकडे त्याचे काय पडसाद उमटतील ते पाहू. या रसायनाच्या शोधासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी जॉन गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल आजवर कुणालाच मिळालेले नाही. आमच्या शब्ददात्यांना हे सांगितले तेव्हा त्यांना बॅटरीपेक्षा त्या वयाचेच कौतुक अधिक वाटले.

भरून आणल्यावर पहिल्यांदा ती आम्ही माण तालुक्यातील एका पिंजारी आजोबांच्या अंगणात नेली. त्यांची धनुकली खुंटीला टांगलेली, तिची तात तुटलेली. 'पिंजणे' या नोंदीखालचा मजकूर आम्ही वाचून दाखवला. त्यांनी एक भर घातली: जुना कापूस पिंजला की 'उठतो', पण फार दबलेला, ओल लागलेला कापूस 'मरतो', तो कितीही पिंजला तरी उठत नाही, मग खोळ ठेवायची आणि कापूस फेकायचा. हा 'उठणे' आमच्याकडे नव्हता. नोंदीला दोन तास लागले, कारण आजोबांना मधेच डुलकी लागली. आम्ही पडदा मिटून बसून राहिलो. ते जागे झाले तेव्हा बॅटरीत अजून एक तास शिल्लक होता, आणि गिऱ्हाइकासमोर गादी मोजण्याचे सारे शब्द त्या एका तासात आले.

महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरून ती किती वेळ चालते हे आम्ही वहीत लिहितो. सुरुवातीला तीन तास दहा मिनिटे होती. ताजी नोंद दोन तास पस्तीस मिनिटांची आहे. माणमधील तीन आणि फलटणमधील दोन गावे राहिली आहेत. त्यांपैकी सर्वांत वयस्कर माणूस ज्या गावात आहे, तिथे आधी जायचे ठरवले आहे.