मिरी गेली त्या गावी

सांगलीच्या आमच्या पेढीवर वडिलांनी चाळीस वर्षे हळद आणि मिरीचा व्यापार केला. मिरीचे चार दाणे तळहातावर घेतले की त्यांचा कस आणि ओल ते अचूक सांगत. हीच मिरी पूर्वी मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजात भरून ज्या बंदरात उतरत असे, ते लिस्बन एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु प्रत्येक वेळी बेत एकाच प्रश्नापाशी येऊन अडे : तेथे खायचे काय? कंदमूळ वर्ज्य, अंडे वर्ज्य, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. असा माणूस मासळीवर जगणाऱ्या देशात दहा दिवस कसे काढणार? ती इच्छा मनात ठेवूनच ते गेले. गेल्या जून महिन्यात मी, माझी पत्नी आणि बहात्तर वर्षांची आई असे तिघे पोर्तुगालला जाऊन आलो, ते त्यांची राहिलेली यात्रा पुरी करावी म्हणून.

आईचे गुडघे अधू असल्यामुळे आम्ही मुद्दाम संथ सहल निवडली. चौदा माणसे, एक छोटी बस आणि सोबत लिस्बनचीच एक मार्गदर्शक. दहा दिवसांत केवळ चार गावे! खाखरे, मेतकूट आणि भाजलेल्या पिठांचे डबे आईने आठ दिवस आधीच भरून ठेवले होते. तिचा पहिला दिलासा मात्र डब्यांतून नव्हे, आकाशातून आला. जूनमध्ये लिस्बनला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. साडेसात वाजता जेवायला बसले तरी चौविहाराला दीड तास शिल्लक! "सूर्यानेच आपली सोय पाहिली," असे म्हणत आईने पहिल्या संध्याकाळी समाधानाने हात धुतले.

लिस्बन हे टेकड्यांवर वसलेले शहर. तेजू नदीच्या काठी विस्तीर्ण चौक आहे. त्याचे नावच 'प्रासा दु कोमेर्सियु', म्हणजे व्यापार चौक. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेल्या भीषण भूकंपात, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत येथला राजवाडा नष्ट झाला. पूर्वेकडील व्यापाराची सूत्रे जेथून हलत, ते 'कासा दा इंदिया' हे कार्यालयही त्याच दिवशी गेले. मंत्री पोंबाल यांनी राखेतून नवे शहर आखले. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती आणि भूकंपात तग धरावा म्हणून भिंतींच्या आत लाकडी सांगाडा! त्या रस्त्यांना नावे दिली ती धंद्यांची : सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता. आपल्याकडच्या सराफ कट्ट्याची आणि कापड पेठेची आठवण व्हावी अशी ही रचना. आई प्रत्येक पाटीपाशी थांबून अर्थ विचारीत होती, आणि संथ सहलीत तिला 'चला' म्हणणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी बेलें भागातील जेरोनिमुश मठ पाहिला. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याचे काम सुरू झाले. दगडात कोरलेले दोरखंड, पाने आणि सागरी जीव पाहून मान वर करून थकावे, इतके ते कोरीव काम नाजूक आहे. आत वास्को द गामाची समाधी आहे. तो जुलै १४९७ मध्ये येथून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर बसविलेल्या सुमारे पाच टक्के करातून हा मठ उभा राहिला, असे मार्गदर्शक सांगत होती. आईने मला हळूच विचारले, "म्हणजे हे सगळे मिरीवर?"

होय, मिरीवर. परंतु केवळ व्यापारावर नव्हे. हिंदी महासागरात शतकानुशतके अरब, गुजराती, मलबारी व्यापारी मुक्तपणे ये-जा करीत असत. पोर्तुगीजांनी तेथे तोफा आणल्या. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना विकत घेतल्याशिवाय जहाज हाकारले, तर माल आणि जहाज दोन्ही जप्त होत. १५०२ मध्ये याच वास्को द गामाने हजहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला, तो १९६१ पर्यंत सोडला नाही. हे मी बोललो तेव्हा मार्गदर्शक क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "शाळेत आम्हाला जहाजे कशी निघाली ते शिकवले. ती पोहोचल्यावर काय झाले, ते मी मोठेपणी स्वतः वाचले." तिच्या या प्रांजळपणाने आई तिला तेव्हापासून 'बाळ' म्हणू लागली. बाहेर आल्यावर आई एवढेच म्हणाली, "तुझे वडील म्हणत, गिऱ्हाईक आपण होऊन पुन्हा दाराशी आले पाहिजे, इतकाच नफा घ्यावा. यांनी दारच लुटले."

जेवणाची खरी परीक्षा त्याच दुपारी झाली. एका खाणावळीत 'काल्दु व्हेर्द' म्हणजे हिरवे सूप मागविले. पालेभाजीचे म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मार्गदर्शकाने धावत येऊन आईचा चमचा थांबविला. त्या सुपात बटाटा आणि कांदा असतोच, शिवाय वर मांसाच्या सॉसेजची चकती ठेवण्याची रीत आहे. आईचा चेहरा उतरला. ती वाढप्याकडे पाहून हात हलवीत मराठीतच म्हणाली, "बटाटा नको!" आणि तो चटकन हसून म्हणाला, "सें बताता?"

त्याला कळले होते! बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनीच आणला. पाव, कोबी, चावी, पगार, परात, पिंप आणि व्यापाऱ्यांच्या नित्य तोंडी असणारा लिलाव, हे सारे शब्द त्यांच्याच भाषेतून आले आहेत. त्यांच्या भाषेत 'सें' म्हणजे 'शिवाय'. मार्गदर्शकाने एका कागदावर यादी लिहून दिली : बटाट्याशिवाय, कांद्याशिवाय, लसणीशिवाय, अंड्याशिवाय. आईने ती देवनागरीत उतरवून घेतली आणि पुढे प्रत्येक ठिकाणी स्वतः वाचून दाखविली. पोर्तुगीज माणूस भातप्रिय आहे, ही आमच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. टोमॅटोचा भात, पालेभाजी घातलेला भात, ऑलिव्ह तेलात परतलेला कोबी, उकडलेल्या शेंगा असे ताजे अन्न कांदा-लसणीवाचून करून द्यायला कोणी कुरकुरले नाही. मिठाईच्या बाबतीत मात्र जपावे लागते. तेथली प्रसिद्ध 'पाश्तेल द नाता' ही पिवळीधमक गोड पोळी अंड्याच्या बलकाची असते, आणि मठांतून आलेल्या बहुतेक मिठायाही तशाच. आम्ही चेरी आणि जर्दाळू यांवर तहान भागविली.

लिस्बनहून पूर्वेकडे गेले की आलेंतेजू हा विस्तीर्ण, उन्हाळी प्रदेश लागतो. एव्होरा हे तेथील तटबंदीचे प्राचीन गाव. पहिल्या शतकातील रोमन मंदिराचे खांब तेथे आजही उभे आहेत. आईला मात्र अधिक आवडली ती गावाबाहेरची बुचाची राने. बाटलीला आपण जे बूच लावतो, ते या ओक वृक्षाची साल. झाड पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात; त्यानंतर दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या बुचासाठी तिसऱ्या खेपेची साल लागते, म्हणजे झाड लावणाऱ्याची कमाई बहुधा पुढच्या पिढीच्या हाती पडते. कारागीर कुऱ्हाडीने सालीत उभी चीर पाडतो आणि आतल्या नाजूक थराला धक्का न लावता ती अलगद उकलतो. मग खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवितात, म्हणजे पुढची नऊ वर्षे कोणी हात लावू नये. जगातील सुमारे निम्मे बूच याच देशात पिकते.

ते पाहताना मला जांभळाच्या झाडाचा आपला लेश्यांचा दृष्टांत आठवला. फळांसाठी एक जण मुळावर घाव घालू पाहतो, तर शेवटचा खाली पडलेली फळे वेचतो. मी तो मार्गदर्शकाला सांगितला आणि हे लोक कोणत्या पायरीवर, असे आईला विचारले. ती विचार करून म्हणाली, "झाडालाही जीव आहे, त्याला काही होत नसेल असे कसे म्हणू? पण मूळ राखले आहे, आणि नऊ वर्षे वाट पाहतात. वाट पाहणे सोपे नसते."

याच भागात आणखी एक उपयोगी गोष्ट कळली. पोर्तुगालमधील काही पारंपरिक चीज प्राण्यांच्या रेनेटने नव्हे, तर एका काटेरी वनस्पतीच्या फुलांच्या अर्काने विरजतात. सेर्रा दा एश्त्रेला हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. शाकाहारी प्रवाशाने ते विचारून घ्यावे. दुसरी सूचना : टेबलावर न मागता येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसते, खाल्ले तर बिलात लागते, नको असल्यास तसेच परत पाठवावे.

कोइंब्राच्या विद्यापीठाची स्थापना १२९० ची. तेथील अठराव्या शतकातील जुआनिना ग्रंथालय पाहताना आपली ज्ञानभांडारे डोळ्यांपुढे आली. त्या ग्रंथालयात वटवाघळे राहतात आणि पुस्तकांना लागणारे किडे रात्री खातात. म्हणून टेबलांवर रोज कातडी आच्छादन घालावे लागते. आई म्हणाली, "आपल्याकडे ज्ञानपंचमीला पोथ्या उघडून झटकतात, तेच बरे."

शेवटचे तीन दिवस पोर्तूला. साऊं बेंतू स्थानकाच्या भिंतींवर सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रे आहेत. पोर्तूच्या व्यापारी संघाने १८४२ मध्ये बांधायला घेतलेला 'बोल्सा' प्रासादही आम्ही पाहिला. त्याच्या मधल्या दालनात पोर्तुगालशी व्यापार करणाऱ्या देशांची राजचिन्हे रंगविलेली आहेत. तोफेवाचूनही व्यापाराचा मान राखता येतो, हे त्या छताखाली उभे राहून वाटले. सोबतची मंडळी मद्याची तळघरे पाहायला गेली. आम्ही दोरू नदीच्या काठी, १८८६ च्या लोखंडी पुलाखाली बसलो. सूर्य कलला तेव्हा आईने पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले. मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "त्यांना उगाच वाटत होते, येथे उपाशी राहावे लागेल. विचारले असते, तर यांनी करून दिले असते."

निघताना मार्गदर्शकाने तिला बुचाच्या सालीचा एक जाड तुकडा दिला. सांगलीच्या सुताराने त्याचे झाकण करून दिले आहे. पेढीवर मिरीच्या नमुन्याची वडिलांची काचेची बरणी अजून तेथेच असते; तिला आता ते बूच आहे.